संगणकातला शब्दकोश आणि माझं तीनशे रुपयांचं इंग्रजी



गेल्या पालकसभेत एक काका उठून म्हणाले, "संगणकात बोट लावलं की शब्दाचा अर्थ मिळतो म्हणे. मग पोरं पुस्तक कशाला उघडतील? आळशी होतील सगळी." त्यावर टाळ्या पडल्या. मी सतरंज्या उचलायला थांबले होते म्हणून मला हे ऐकू आलं. मोठ्यांच्या सभेत आपण मध्ये बोलू नये, म्हणून माझं मत इथं भिंतीवर लिहीत आहे. माझ्या मते मुलं आळशी होत नाहीत. दुसरंच एक होतं, आणि ते मला स्वतःला झालेलं आहे.

आधी आपल्या शाळेतल्या शब्दकोशाविषयी सांगते. तो जाडजूड आहे, चांगला आहे, आणि ऑफिसच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप, किल्ली गुरुजींच्या खिशात, आणि गुरुजी गेलेले तालुक्याला मीटिंगला. एका शब्दासाठी एवढी खटपट कोण करणार? मग आम्ही शब्द तसाच गिळतो. "समजलं का?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्यात माझाही आवाज असतो. सहावीच्या अख्ख्या वर्षात मी तो शब्दकोश दोनदा हातात घेतला. त्यातही एकदा कपाटातली पुस्तकं उन्हात घालायची होती म्हणून!

दिवाळीत माझा मामा भाऊबीजेला आला. तो पुण्याला कंपनीत आहे. त्याच्या लॅपटॉपला मॅक म्हणतात. त्यात इंग्रजी शब्दकोश आधीपासूनच भरलेला असतो, २००५ सालापासून ही सोय आहे असं मामाने सांगितलं. वाचताना एखादा शब्द अडला तर बाण त्या शब्दावर न्यायचा आणि कंट्रोल, कमांड व डी ही तीन बटणं एकदम दाबायची. लगेच शब्दापाशी एक छोटी चौकट उघडते आणि तिच्यात अर्थ दिसतो. पान सोडावं लागत नाही आणि ओळ हरवत नाही. नेटसुद्धा लागत नाही. आमच्या वस्तीवर रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं, त्यामुळे मला तर हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटली. मामा चार दिवस राहिला. तेवढ्यात मी वहीच्या मागच्या पानावर त्रेचाळीस शब्द उतरवून घेतले. आता त्रेचाळीस शब्द शोधणारी मुलगी आळशी कशी, ते त्या काकांनी सांगावं.

पण चव्वेचाळिसावा शब्द वहीत लिहिला नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आलेलं एक पत्र अण्णांनी माझ्यापुढे धरलं. आमच्या मोटारसायकलच्या हप्त्याचं होतं, सगळं इंग्रजीत. मामा अंघोळीला गेला होता. अण्णा म्हणाले, "बघ गं, काय म्हणतायत. तू आता इंग्रजीची मास्तरीण झालीस." मलाही तेच पाहिजे होतं. पत्रात एका रकमेपुढे 'आऊटस्टँडिंग' असा शब्द होता. मी तो लॅपटॉपवर लिहिला, बटणं दाबली, चौकट उघडली. पहिल्याच ओळीत फार चांगलं, असामान्य अशा अर्थाचे शब्द होते. त्यातला 'गुड' तेवढा मला नक्की कळला. मी चौकट बंद केली आणि सांगितलं, "अण्णा, आपली रक्कम उत्कृष्ट आहे, असं म्हणतायत."

अण्णांना बरं वाटलं. ते आईला म्हणाले, "बघ, वेळेवर भरतो त्याचं नाव होतं." पत्र घडी करून घड्याळामागे ठेवलं. मामा अंघोळ करून आला तेव्हा फराळाची ताटं वाढलेली होती आणि पत्राचा विषय निघालाच नाही.

महिन्याभराने दुसरं पत्र आलं. त्यात आकडा वाढलेला होता. अण्णांनी टाकीपाशी जाऊन मामाला फोन लावला आणि पत्राचा फोटो पाठवला. मामा म्हणाला, "दाजी, एक हप्ता राहिलाय तुमचा. त्यावर तीनशे रुपये जास्तीचे लावलेत." मग मामाने मला फोनवर घेतलं. रागावला नाही. एवढंच विचारलं, "चौकट खाली सरकवली होतीस का?"

नव्हती सरकवली. त्या शब्दाला पुढे आणखी अर्थ होते. एक म्हणजे चटकन नजरेत भरणारा. आणि त्याच्याही खाली होता तो आमचा: अजून भरायचं राहिलेलं, थकलेलं. इंग्रजी शब्द एकच, पण शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो आला तर पेढे वाटायचे आणि हप्त्याच्या पत्रात आला तर पैसे भरायचे! तीनशे रुपये म्हणजे माझ्या आईची कांदा लावणीची एका दिवसाची मजुरी. आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

यात चूक संगणकाची नाही. त्याने तिन्ही अर्थ दिले होते. मीच पहिल्या ओळीवर थांबले, कारण मला हवा होता तो अर्थ तिथंच होता. पण कागदाच्या शब्दकोशात मी एवढी फसले नसते असंही वाटतं. तिथं शब्द शोधताना वेळ लागतो, आणि बोट फिरवता फिरवता खालच्या ओळींवर नजर जातेच. मी मुद्दाम गुरुजींकडून तो शब्दकोश मागून पाहिलं. त्या शब्दाच्या शेजारीच 'आऊटस्टेशन' सापडला, तो न शोधता कळला. संगणकाच्या चौकटीत शेजारीपाजारी नसतात. म्हणून तिथं आपणच थांबून विचारायचं, की हा अर्थ त्या वाक्यात घातला तर वाक्य शहाण्यासारखं वाटतं का? 'उत्कृष्ट रक्कम' असं कधी कोणी म्हणतं का? मी तेव्हा एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं.

आणखी एक. मामाच्या त्या इंग्रजी शब्दकोशाला 'मोट' विचारली तर तो काय सांगणार? आजीने मात्र दोरी, कातडं आणि बैलांची नावं यांसकट सांगितली. मोल्सवर्थ साहेबांनी केलेल्या मराठी-इंग्रजी कोशात मोट आहे. त्याच्या १८५७ सालच्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि आता तो शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलेला आहे. पण त्याला नेट लागतं. आजीला लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. शाळेच्या संगणकावरचं फडकं रोज निघावं, फक्त पाहुणे आल्यावर नाही. आणि तो जाड शब्दकोश कपाटातून काढून संगणकाच्या शेजारी टेबलावर ठेवावा. फाटला तर आम्ही खळीने चिकटवू.

हे मी गुरुजींना लिहून दाखवलं. त्यांनी संगणकात नेटशिवाय चालणारा एक शब्दकोश घालून दिला आहे, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसायला आम्हां तिघींना परवानगीही दिली आहे. पालकांनो, तुमच्या घरी इंग्रजी कागद आला असेल तर घेऊन या. आम्ही सगळे अर्थ वाचू, आणि अडलं तर गुरुजी तिथंच असतील. कागद आमच्याकडे ठेवून घेणार नाही, त्यातलं बाहेर कुणाला सांगणारही नाही. आमचे अण्णा येत्या शनिवारी पहिले येणार आहेत. घड्याळामागे अजून दोन पत्रं आहेत.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी