बाजार रविवारचा, दुकान रोजचं



खासबागचा रविवारचा आठवडी बाजार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ताडपत्री अंथरायची, माल मांडायचा, गिऱ्हाईक गोळा करायचं आणि अंधार पडला की गाशा गुंडाळायचा. गर्दीला तोटा नाही, पण जागा आपली नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम हा असाच बाजार आहे. वेबसाइट म्हणजे गल्लीतलं आपलं दुकान, पाटी लावलेलं. गर्दी तिथे कमी, पण किल्ली आपल्या खिशात.

हे सांगायचं कारण, खासबाग, वडगाव, शहापूर भागातल्या विणकरांच्या घरची पुढची पिढी आता मोबाइलवरून थेट साड्या विकू बघते आहे. व्यापाऱ्याला मध्ये न घेता पुण्या-गोव्याचं गिऱ्हाईक मिळालं, तर चार पैसे घरात राहतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न: इन्स्टावर पेज आहे की, मग वेबसाइट कशाला?

उत्तर तारखांमध्ये आहे. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी घातली आणि तिथे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही मिळून सुमारे सहा तास बंद होतं. घटस्थापना तीन दिवसांवर आलेली, म्हणजे साडीवाल्यांचा ऐन हंगाम! ज्याच्याकडे दुसरा पत्ताच नव्हता, त्याचं दुकान त्या रात्री कुणाला सापडलं नसणार.

म्हणून जोडणी करताना एकच दिशा धरा. बाजारातून माणूस दुकानात यावा, दुकानातून बाजारात जाऊ नये. बऱ्याच वेबसाइटवर अगदी उलटं असतं. सगळ्यात वर, लोगोशेजारी, फेसबुक-इन्स्टाची रंगीत चिन्हं. गिऱ्हाईक साडी बघायला येतं, चिन्हावर बोट पडतं आणि तिकडे कुणाच्या तरी लग्नाचा रील बघत बसतं. ती चिन्हं पानाच्या तळाशी न्या.

वर ठेवायचं ते व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. त्याची लिंक सोपी आहे: डब्ल्यूए डॉट एमई, पुढे तिरकी रेघ, मग 91 आणि दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मोकळी जागा नको. या लिंकमध्ये संदेशही आधीच भरून ठेवता येतो. प्रत्येक साडीखाली वेगळं बटण दिलं, तर गिऱ्हाइकाचा निरोप ‘साडी क्रमांक 14 बद्दल’ असाच सुरू होतो. ‘ती निळी, काठ मोठा, परवा टाकलेली’ हा शोध वाचतो. आणि किंमत लिहा हो! ‘किंमत इनबॉक्समध्ये’ वाचलं की मी तरी पुढे जातो.

इन्स्टाचे फोटो आपोआप वेबसाइटवर दिसावेत, अशी सगळ्यांची हौस असते. मी ते टाळायला सांगतो. त्यासाठी बरेच जण वापरत असलेली सोय मेटाने 4 डिसेंबर 2024 ला बंद केली आणि ज्यांनी वेळेत बदल केला नाही, त्यांच्या पानावर रिकामे चौकोन उरले. शिवाय अशा खिडक्यांमुळे पान जड होतं. मूळ फोटो वेबसाइटवर चढवा, तोच इन्स्टावर टाका आणि प्रोफाइलमध्ये वेबसाइटची लिंक द्या.

एक बारीक काम मात्र राहून जातं. आपली लिंक कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, की खाली फोटो आणि नाव दिसायला हवं. ते पानाच्या कोडमधल्या ‘ओपन ग्राफ’ नावाच्या चार-पाच ओळींवर ठरतं. तुमच्या वेबसाइटवाल्याला ‘ओजी इमेज घातली का?’ एवढंच विचारा. फोटो 1200 बाय 630 पिक्सेलचा असला की काम भागतं. नुसती निळी लिंक आली तर लोक फसवणुकीच्या भीतीने ती उघडत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आपल्याकडचा आणखी एक गुंता म्हणजे गावाचं नाव. 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, आपण म्हणतो बेळगाव आणि इंग्रजीत टाइप करणारे अजून जुनंच स्पेलिंग लिहितात. गावाच्या नावावरून वाद घालायची जागा दुसरी. वेबसाइटच्या पत्त्यात आणि फेसबुक पेजच्या माहितीत सगळी रूपं लिहा, कन्नडसुद्धा. गिऱ्हाइकाने कसंही शोधलं तरी आपण सापडलो पाहिजे.

शेवटी कागदपत्रं. डोमेन कुणाच्या नावावर आहे? पेज कुणाच्या ईमेलवर उघडलं आहे? पुतण्याने हौसेने सगळं करून दिलं आणि तो नोकरीला बेंगळुरूला गेला, तर पासवर्डचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तो सण-सुदीला घरी आला की नंबर आणि ईमेल दुकानाच्या नावे करून घ्या, दुहेरी पडताळणी चालू करा आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुढच्या वेळी गूगल मॅपवर दुकान नेमकं कसं दाखवायचं ते पाहू. आपल्या बोळांमध्ये ते काम वाटतं तितकं सोपं नाही.