मुक्त प्रणाली आणि सल्ल्याचा दुष्काळ

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीच्या निःशुल्क सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्या. ज्या कार्यालयांत दर चार-पाच वर्षांनी यंत्रे बदलली जातात, तेथे या निर्णयाचे फारसे पडसाद उमटले नसतील. यवतमाळसारख्या जिल्ह्याची गोष्ट निराळी आहे. पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा येथे किंवा त्याहून लहान गावी कोणत्याही संस्थेची संगणक-प्रयोगशाळा पाहिली, तर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेली यंत्रे आजही इमानाने चालताना दिसतील. नव्या ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि साधारणतः २०१८ च्या सुमारास वा त्यानंतर बनलेला प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही ते निकालात निघाले. अधिकृत परवाना असलेल्या शिक्षणसंस्थांना नाममात्र दराने आणखी तीन वर्षे दुरुस्त्या विकत घेता येतील अशी सोय कंपनीने ठेवली आहे. ही सवड ऑक्टोबर २०२८ मध्ये संपेल. ज्यांच्याकडे असा परवानाच नाही, त्यांना तेवढीही सवड नाही.

अशा वेळी ‘लिनक्स वापरा’ हा सल्ला ठरलेला असतो, आणि तो चुकीचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत घोषित केलेला ‘ग्नू’ प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिलेला प्रणालीचा गाभा यांतून ही मुक्त प्रणाली उभी राहिली. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून याच गाभ्यावर चालत आले आहेत. आणि आपल्या एस.टी. स्थानकावर बसची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या हातातील अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. तेव्हा तिच्या कुवतीविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्तस्रोत प्रणालींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. त्याआधी २००७ साली ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी प्रणाली काढली होती. असे असताना आपल्या गावातील दहा संगणकांपैकी एकावरही ती का दिसू नये?

याचे उत्तर किमतीत शोधणारे चुकतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, वस्तूची किंमत आणि वस्तू वापरण्याचा एकूण खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. लिनक्सची किंमत शून्य आहे. परंतु आपल्याकडे विंडोजची किंमतही व्यवहारात शून्याजवळच असते, हे उघड गुपित आहे. बाजारपेठेतील दुरुस्तीवाला दोन-चारशे रुपयांत ‘फॉरमॅट मारून’ देतो आणि परवान्याचा प्रश्न कोणी विचारीत नाही. दोन्ही वस्तू फुकट असतील, तर निवड ठरते ती अडल्यावर विचारायचे कोणाला यावर. विंडोजविषयी शेजारचा मुलगा सांगतो, मेहुणा सांगतो, दुरुस्तीवाला तर सांगतोच. वापरणारे जितके अधिक, तितके सांगणारे अधिक. आणि सांगणारे अधिक म्हणून वापरणारे आणखी वाढतात. लिनक्सच्या बाबतीत हेच चक्र उलटे फिरते. दुरुस्तीवाल्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. जे गिऱ्हाईक महिन्यातून एखादेच येईल, त्याच्यासाठी नवी विद्या शिकणे त्याला परवडत नाही. त्याचा हिशेब चोख आहे.

अडचणी कोणत्या येतात, तेही पाहिले पाहिजे, कारण या प्रणालीचे उत्साही प्रचारक त्यांचा उल्लेख ओझरता करतात. प्रणाली पेन-ड्राइव्हवर उतरवून, मूळ चकतीला हात न लावता, आधी चालवून पाहता येते. ही सोय खरोखर उत्तम आहे. परंतु पेन-ड्राइव्हवरून यंत्र सुरू करण्यासाठी कोणती कळ दाबावी, हे प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर वेगळे. सुरू झाल्यावर काही यंत्रांत वाय-फाय दिसत नाही, कारण त्या चिपच्या उत्पादकाने आपली संहिता खुली केलेली नसते. आणि ती उतरवून घेण्यासाठी इंटरनेट लागते, जे वाय-फायवाचून नसते. अलीकडच्या लॅपटॉपवर विंडोजने चकती परस्पर कुलूपबंद केलेली असते. सुरुवातीची मांडणी बदलताच ते अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते, आणि अशी काही किल्ली अस्तित्वात आहे याची मालकाला गंधवार्ताही नसते. चकतीचे विभाग पाडताना चुकीच्या विभागावर बोट पडले की वर्षांचे काम पुसले जाते. प्रिंटरची कथा तर सर्वश्रुत आहे. आपल्याकडील कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या काही स्वस्त लेझर प्रिंटरांना लिनक्सवर बोलते करण्यात जाणकारांचेही तास गेले आहेत. यांपैकी बहुतेक अडचणी सुटण्याजोग्या आहेत, आणि माहीतगार माणसाला त्या सोडवायला अर्धा तास पुरतो. तो माणूस नसेल, तर मात्र त्याच अर्ध्या तासाचे काम कायमचे अडते आणि वापरणारा ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून मागे फिरतो.

विद्येचा पुरवठा आणि वस्तूचा पुरवठा यांची फारकत झाली की काय होते, हे या जिल्ह्याला सांगावयास नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेने येथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. संगणक बंद पडण्याची त्या दुःखाशी तुलना करणे अनुचित ठरेल, आणि तसा हेतूही नाही. परंतु बाजारात औषध मुबलक असावे आणि ते कसे, किती, कोणत्या वेळी वापरावे हे सांगणारा मात्र बहुधा विक्रेताच असावा, ही रचना आपल्या परिचयाची आहे. जी वस्तू कोणी विकतच नाही, तिच्या बाबतीत विक्रेत्याइतकाही सल्लागार उरत नाही. मुक्त प्रणालीचे नेमके दुखणे हेच आहे.

मदत मुळीच मिळत नाही असे मात्र नाही. जगभरातील स्वयंसेवक अनोळखी माणसांच्या अडचणी वर्षानुवर्षे विनामूल्य सोडवीत आले आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातील सहकारी चळवळीचा इतिहास शिकविणाऱ्याला यात एक ओळखीची प्रेरणा दिसते. त्यांची एक अपेक्षा असते: प्रश्न नीट विचारावा. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ या वाक्याला जगात कोणीही उत्तर देऊ शकणार नाही. यंत्र कोणते, प्रणालीची आवृत्ती कोणती, आपण काय केले, पडद्यावर कोणती अक्षरे उमटली, त्यानंतर काय करून पाहिले, हे क्रमाने सांगितले की निम्मे उत्तर प्रश्नातच सापडते. डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाकडून आपण हीच अपेक्षा करतो. आमच्या शिक्षणपद्धतीत उत्तरे पाठ करवून घेतली जातात. प्रश्न मांडण्याला गुण नाहीत. त्यात हा सारा व्यवहार इंग्रजीत. केळापूर वा झरी-जामणीच्या विद्यार्थ्याला, ज्याच्या घरची भाषा कदाचित कोलामी किंवा गोंडी आहे आणि मराठी ही शाळेत शिकलेली, त्याला तिसऱ्या भाषेत अनोळखी माणसापुढे आपले अज्ञान उघडे करावे लागते. तो गप्प बसतो यात नवल ते काय?

शिवाय काही प्रश्न असे आहेत की, ज्यांचे उत्तर हेलसिंकीत किंवा बोस्टनमध्ये मिळणारच नाही. युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले संस्थेचे वीस वर्षांचे दप्तर नव्या प्रणालीवर उघडले की निरर्थक चिन्हांचा सडा दिसतो. ते युनिकोडमध्ये कसे आणावे, इनस्क्रिप्ट कळफलक कसा चालू करावा, जुन्या टंकलेखन-यंत्राच्या धर्तीची मांडणी ज्याच्या बोटांत बसली आहे त्याने काय करावे, हे प्रश्न आपले आहेत आणि त्यांची उत्तरेही येथेच घडावी लागतील. पुष्कळ काम झालेले आहे. लिनक्सवरील ‘ग्नोम’ व ‘केडीई’ या दोन्ही मांडण्यांचे मराठी भाषांतर झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, लिबर-ऑफिस इत्यादींचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्-श्राव्य पाठ केले, आणि ते मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. इंटरनेट नसेल तेथेही ते उतरवून नेऊन पाहता येतात. एकट्याने बसून शिकणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून ते रचलेले आहेत. तथापि पाठ हा पाठच असतो. पाठात न आलेली अडचण ज्या क्षणी उभी राहते, त्या क्षणी माणूस लागतो.

केरळने हे ओळखले. तेथे २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढे शाळांतून मुक्त प्रणाली रुजविली. त्याचे कौतुक आपण परवान्यांवर वाचलेल्या कोट्यवधी रुपयांसाठी करतो. माझ्या मते ते चुकीच्या कारणासाठी आहे. त्या राज्याने प्रत्येक जिल्ह्यात शिक्षकांमधूनच प्रशिक्षक उभे केले, पाठ्यपुस्तके त्या प्रणालीवर बेतली, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थिमंडळे सुमारे दोन हजार शाळांत काढली, ज्यांतील मुले शाळेतील यंत्रांची देखभाल शिकतात. खर्च झाला तो माणसांवर. महाराष्ट्रात गेली वीसहून अधिक वर्षे एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून लक्षावधी लोक संगणक-साक्षर झाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या साक्षरतेचा भर मुख्यतः एकाच कंपनीच्या प्रणालीवर राहिला.

आपल्याला केरळची नक्कल करण्याची गरज नाही. एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे, तिचा विचार व्हावा. सरकारी खरेदी एकगठ्ठा होते. एका योजनेतून आलेली यंत्रे अनेक शाळांत एकाच जातीची असतात. एका शाळेत वाय-फायची जी अडचण येईल, ती त्या योजनेतील प्रत्येक शाळेत येईल; आणि ती कशी सोडविली हे कोणी एका पानावर मराठीत लिहून ठेवले, तर पुढच्या सर्वांचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. फोनवर दिलेले उत्तर एकाच्या कामी येते आणि विरून जाते. लिहून, खुले ठेवलेले उत्तर सार्वजनिक विहिरीसारखे असते, फरक इतकाच की उपशाने त्याची पातळी खालावत नाही. अशी वस्तू बाजार आपण होऊन पुरवीत नाही, हे तर अर्थशास्त्राचे सर्वमान्य तत्त्व आहे. म्हणून ते काम सार्वजनिक संस्थेकडे येते.

ती संस्था नव्याने स्थापण्याची आवश्यकता नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आले आहेत. प्रत्यक्षात हे श्रेयांक कशा प्रकारच्या अहवालांवर दिले जातात, याविषयी येथे न बोललेले बरे. तालुक्याच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दुपार ठराविक खोलीत बसावे, येणाऱ्या शाळेची, ग्रंथालयाची, दुकानदाराची अडचण सोडवावी आणि तिची नोंद मराठीत लिहून प्रसिद्ध करावी. या नोंदींनाच श्रेयांक मिळावेत. दोन वर्षांनी विद्यार्थी निघून जातील, नोंदी राहतील. त्यांवर देखरेखीसाठी जिल्ह्याला एक पूर्णवेळ जाणकार नेमावा लागेल, आणि त्याचा पगार हा या योजनेतील एकमेव मोठा खर्च होय. तो टाळून सारे स्वयंसेवेवर सोडले, तर योजना पहिल्या परीक्षेच्या हंगामात बंद पडेल.

आक्षेप येतील, ते सारेच पोकळ नाहीत. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. डिजिटल स्वाक्षरीची काही उपकरणे आणि ठसे घेणारी यंत्रे लिनक्सवर रडवतात. तेव्हा लेखाविभागाचे आणि सेवा-केंद्राचे संगणक आहेत तसे, परवाना घेऊन, चालू द्यावेत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेपासून आणि ग्रंथालयापासून प्रारंभ करावा, जेथे लिहिणे, वाचणे, ब्राउझर उघडणे आणि थोडी गणिते यापलीकडे गरज नसते. त्याआधी, याच उन्हाळ्यात, प्रत्येक संस्थेने आपल्याकडील यंत्रांची आणि प्रिंटरांची नाव-क्रमांकासह एक यादी करावी. कोणते यंत्र कशावर चालेल, हे त्या यादीवरून कळेल. आज ती बहुतेक संस्थांच्या दप्तरी जडसंग्रह-नोंदवहीतील ‘संगणक संच, नग २०’ एवढ्याच ओळीत आहे.