परसातला पिंजरा

२०१७ साली निवृत्त झालो, तेव्हा साताऱ्याच्या घराच्या परसात काय करायचे यावर सौ.चे आणि माझे जमेना. तिला बाग हवी होती, मला पक्षी. शेवटी दोन्ही झाले. (आमच्या संसारात बहुतेक गोष्टी अशाच झाल्या.)

पक्षिघर आम्ही दोघांनीच बांधले. आठ फूट लांब, सहा फूट उंच. अर्ध्या इंची जाळी, उंदीर शिरू नयेत म्हणून खाली कोबा. बसायला पेरूच्या फांद्या, घरट्यांसाठी भोक पाडलेली मडकी, खायला राळे, चोच घासायला समुद्रफेस. देशी पोपट ठेवायचा नव्हता. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे आजही कित्येक सुशिक्षित घरांना ठाऊक नसते. म्हणून बाजारातून लव्हबर्ड्सच्या चार जोड्या आणल्या.

दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणतो, पण ते बजरीगर. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, हा ऑस्ट्रेलियाचा. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढे तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. मायदेशी त्याचे थवेच्या थवे पावसापाण्याच्या मागावर दूरदूर भटकतात. हे मी पक्षी आणल्यावर वाचले. आधी वाचायला हवे होते.

इकडे सौ.ची बाग वाढली. कढीपत्त्याच्या पिकल्या फळांवर बुलबुल येऊ लागले, जास्वंदीच्या देठाशी भोक पाडून शिंजीर मध पिऊ लागला. एका मे महिन्यात बुलबुलाने पिंजऱ्याला खेटून असलेल्या जास्वंदीतच घरटे केले. पिले उडाली त्या सकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. जाळीआडून आमचे पक्षी कलकलाट करत होते. सौ. म्हणाली, "अहो, ह्यांनाही सोडायचं का?"

सोडता येत नव्हते. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला हा जीव; कावळा नाहीतर शिक्रा त्याला दोन दिवस जगू देत नाही. आपण केलेली चूक दार उघडून निस्तरत नाही, ती रोज दाणापाणी घालूनच निस्तरावी लागते. सुटीत मुलांनी पक्ष्यांचा हट्ट धरला, तर आईबापांनी एवढे जरूर सांगावे.

नवे पक्षी आणायचे नाहीत, असे ठरवले. मडकी काढली, घरटे नसले की सहसा अंडी होत नाहीत. एका मडक्याचे बूड बागेत पाण्याला ठेवले आहे. त्यात कावळे शिळी पोळी भिजवतात आणि सौ. त्यांच्यावर करवादत रोज पाणी बदलते.

पिंजऱ्यात आता तीन उरलेत. जाळीवर तिने घोसाळ्याचा वेल चढवला आहे.