चपाती सोसत नाही, तेव्हा...

घरात कोणी आजारी पडले की 'काहीतरी हलके खायला द्या' असे आपण म्हणतो. हलके म्हणजे काय? तर मऊ शिरा, रव्याची पेज, दुधात कुस्करलेली चपाती, नाहीतर चहाबरोबर दोन बिस्किटे. पोट बिघडलेल्या लेकराला आई मोठ्या मायेने हेच भरवते. पण काही लेकरे अशी असतात की, याच मायेच्या घासाने त्यांचे आतडे रोज थोडे थोडे झिजत असते. घरच्यांना ते ठाऊक नसते आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही लवकर ध्यानात येत नाही. या विकाराचे नाव आहे सिलिअक रोग. सातारा, सांगली भागात हे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही. ते ऐकायला हवे, म्हणून आजचा हा लेख.

गहू, जव (म्हणजेच सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक तिंबल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो या ग्लुटेनचा. बहुतेकांना ते सहज पचते. मात्र ज्याला सिलिअक आहे, त्याच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातले सत्त्व शोषून घेणे हे त्यांचे काम. हल्ल्यात हे अंकुर झिजून सपाट होतात. मग माणूस कितीही खावो, अंगी लागत नाही. ही साधी ॲलर्जी नव्हे, आणि नुसते अपचनही नव्हे. हा संसर्गजन्य रोग नाही, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्याची प्रवृत्ती मात्र रक्ताच्या नात्यात उतरते.

गव्हाचा आणि या रोगाचा संबंध कसा कळला, ती हकिकत मोठी बोलकी आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. या रोगाची मुले गहू खाल्ल्याने बिघडतात, असा त्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सारा देश उपाशी असताना डिके यांच्याकडची ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला आणि मुले पुन्हा बिघडली. 1950 साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि जगाला कारण कळले. जे अन्न इतरांचा जीव वाचवते, तेच या मुलांना घातक होते.

'हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे कुठला!' असे पुष्कळ वर्षे मानले गेले. परंतु उत्तर भारतातील मुलांमध्ये हा रोग आढळल्याचा अहवाल 1966 सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. मग समज झाला की, हा पंजाब-हरियाणाचा रोग आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशाच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतील 23,331 प्रौढांच्या रक्ताची तपासणी झाली. या रोगाची प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांच्या रक्तात सापडली. उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी 455 ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला अवघा 25 ग्रॅम. या रोगाला लागणारी अनुवांशिक बीजे मात्र तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे एक तृतीयांश लोकांत होती. ईशान्येतही गहू थोडाच खाल्ला जातो, तरी तिथे प्रमाण बरेच निघाले. म्हणजे केवळ गव्हाच्या मापावर सगळा हिशेब मांडता येत नाही.

महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. पण आपण नेमके मध्ये आहोत, हे ध्यानात घ्या. आपल्या आजोबांच्या ताटात शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी असे आणि गहू सणावाराला, पुरणपोळीपुरता. आज माण, खटाव, जत, आटपाडी अशा ज्वारी-बाजरीच्या तालुक्यांतही सकाळी बिस्किट, डब्यात चपाती, संध्याकाळी पाव अशी रीत झाली आहे. चपाती ही सुबत्तेची खूण झाली आणि भाकरी गरिबीची. गहू खाणे वाईट असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे इतकेच की, ताट बदलले आहे, तेव्हा डॉक्टरांची आणि आपली शंका घेण्याची सवयही बदलायला हवी.

हा रोग ओळखायचा कसा? लहान मुलात चित्र बहुधा असे दिसते. वरचे अन्न सुरू झाल्यावर काही महिन्यांनी जुलाब लागतात, पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातपाय काटकुळे राहतात, मूल किरकिरे होते, वजन आणि उंची वाढत नाही. मोठ्या माणसांत मात्र हा रोग नाना सोंगे घेतो. जुलाब असतीलच असे नाही. उलट बद्धकोष्ठही असू शकते. वर्षानुवर्षे न हटणारा रक्तक्षय, सतत थकवा, तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे, मुलीला पाळी उशिरा येणे, गर्भ न राहणे किंवा वारंवार गर्भपात होणे, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड उठणे, अशी कोणतीही एकच तक्रार घेऊन तो येतो. मग कोणी जंताचे औषध देतो, कोणी टॉनिक, कोणी पोटाचा क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे. घरात 'दृष्ट लागली' म्हणून अंगारे-धुपारे होतात, ते वेगळेच. आणि सून असेल तर 'माहेरूनच अशी आली' हा शेरा ठरलेला.

रक्तक्षयाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे. त्या सगळ्यांना सिलिअक आहे असे मुळीच नाही. बहुतेकींचे कारण अपुरा आहार आणि पाळीतला रक्तस्राव हेच. परंतु लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअकचा पहिला घावही तिथेच बसतो. म्हणून जी बाई लोहाच्या गोळ्या नेमाने घेते आणि तरी जिचे हिमोग्लोबिन हलत नाही, तिला 'तुम्ही गोळ्या घेतच नसाल' असे दटावण्यापूर्वी एक रक्ततपासणी करून पाहावी.

ती तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. हातातले थोडे रक्त पुरते. सोबत एकूण आयजीएही तपासावे, कारण ज्यांच्या रक्तात ते मुळातच कमी असते त्यांची चाचणी फसवी 'निर्दोष' येऊ शकते. ती दोषी आली तर दुर्बिणीतून (एण्डोस्कोपी) लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासतात. काही मुलांमध्ये रक्तातील प्रमाण फारच जास्त असेल, तर तुकडा न काढताही तज्ज्ञ निदान करू शकतात. यासाठी मुंबई-पुण्याला धावण्याची गरज नाही. मिरज, सांगली, कराड, साताऱ्यात दुर्बिणीची सोय आहे.

येथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. तपासणी होण्यापूर्वी गहू सोडू नका! कोणीतरी सांगितले म्हणून गहू बंद करायचा, थोडे बरे वाटले की मग तपासणीला जायचे, हा क्रम उलटा आहे. गहू बंद असताना प्रतिपिंडे कमी होतात, आतडे सुधारू लागते आणि रोग असूनही तपासणी निर्दोष येते. मग आयुष्यभर शंका राहते. निदान झाले की रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी. लहानपणी इन्सुलिन लागणारा मधुमेह जडलेल्या मुलांची, तसेच थायरॉईडचा स्वप्रतिकारक विकार असलेल्यांची तपासणीही डॉक्टरांना विचारून करावी.

अलीकडे गहू सोडणे ही काही घरांत फॅशनही झाली आहे. वजन उतरते, चेहरा उजळतो वगैरे. ज्यांना रोग नाही त्यांनी गहू सोडून काही मोठा लाभ होत नाही. आणि या हौसेमुळे खऱ्या रुग्णाच्या पथ्याकडेही लोक नखरा म्हणून पाहू लागतात, हे नुकसान मोठे.

सिलिअकवर आजमितीस गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. औषध एकच, ते म्हणजे ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद. ऐकताना ही शिक्षा वाटते. पण खरे सांगू? उत्तरेकडच्या घरापेक्षा आपल्या घरात हे पथ्य सोपे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, मांस, भाज्या, फळे, यांत ग्लुटेन नाही. जावळी-पाटणची नाचणी, शिराळ्याचा भात, माणदेशची बाजरी, जतची ज्वारी हे सारे या रुग्णाचे अन्नच आहे. ज्या भाकरीला आपण मागास ठरवले, तीच येथे औषध होते. एकादशीचा फराळ तर जवळजवळ पूर्ण पथ्याचाच! मुलांचे वजन आणि उंची काही महिन्यांत सुधारू लागते. मोठ्यांचे आतडे भरून यायला एखाद-दोन वर्षेही लागतात.

खाचखळगे मात्र ओळखून असावे. पहिला खळगा गिरणीचा. गव्हामागोमाग त्याच जात्यात ज्वारी पडली की भाकरीत गहू आलाच. घरघंटी वेगळी ठेवावी, नाहीतर घरचे जुने जाते पुन्हा बाहेर काढावे. दुसरा खळगा हिंगाचा. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, आणि फोडणी तर रोजचीच. तेव्हा वेष्टन वाचून घ्यावा. मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांतही गहू असतो. शेवया, रवा, मैदा, दलिया हे गव्हाचेच भाऊबंद. माल्ट घातलेली पेये जवाची. आणि आपल्या कृष्णाकाठचा खपली गहू! 'खपली पथ्याला चांगली' असे जो तो सांगतो. पण खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. जत्रेतली खपलीची खीर या रुग्णाला चालत नाही. देशी वाण, सेंद्रिय शेती, भाजणे, आंबवणे, कशानेही गव्हातले ग्लुटेन निघून जात नाही. विकत घेतलेल्या पदार्थावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिले असेल, तर कायद्याने त्यात किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

सर्वांत अवघड खळगा माणसांचा आहे. 'एवढ्याशा घासाने काय होतंय? देवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये.' हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते. होते ते असे की, घासाने लगेच काही दिसले नाही तरी आतडे पुन्हा सुजते. दुखण्याचे दुखणे आणि वर 'हिचे खाण्याचे फार चोचले' हा टोमणा. लग्नाच्या मुलीचा आजार तर लपवलाच जातो. मग सासरी पहिल्याच दिवशी पुरणपोळी पुढे येते आणि ती मुकाट्याने खाते. हे लपवणे आजारापेक्षा घातक आहे. स्थळ बघतानाच स्पष्ट सांगावे. पथ्य पाळणारी मुलगी संसार करते, मुलेबाळे होतात, शेतात आणि कचेरीत काम करते. वेगळ्या पिठाची भाकरी करून घालायला ज्या घराची तयारी नाही, ते घर तिच्या योग्यतेचे नाही असे खुशाल समजावे.

काही गोष्टी समाजाने आणि शासनानेही कराव्यात. न हटणारा रक्तक्षय आणि खुरटलेली वाढ यांसाठी टीटीजी तपासणी ग्रामीण रुग्णालयांतून सहज आणि विनामूल्य व्हावी. वसतिगृहांच्या भोजनात रोज एक वेळ भाकरी असावी. त्यात सर्वांचेच भले आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजावाजा झाला, फलक लागले. त्या उत्साहातला थोडा भाग महिला बचत गटांना गव्हाविना चालणारी स्वतंत्र गिरणी देण्यात खर्चावा. एका गावात अशी एक गिरणी झाली तरी आसपासच्या रुग्णांची सोय होईल, आणि बायकांच्या हाताला कामही मिळेल.

वाचकहो, तुमच्या घरात, वाड्यात, शाळेत असे एखादे मूल असेल. खाते पण वाढत नाही. अशी एखादी बाई असेल, जी गोळ्या घेऊनही पांढरीफटकच दिसते. तिला दूषण देऊ नका, अंगारा लावू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गहूही बंद करू नका. डॉक्टरांकडे न्या आणि न संकोचता विचारा, 'हा सिलिअक तर नसेल ना?' तपासणी निर्दोष निघाली तर एक शंका मिटेल. दोषी निघाली तर चुलीवर तवा ठेवा आणि दोन भाकऱ्या जास्त थापा. एकट्या रुग्णापुरत्या थापू नका, सगळ्यांनी त्याच्याबरोबर बसून खा. पथ्य एकट्याने पाळायचे म्हटले की जड जाते, घराने पाळले की ते नुसते जेवण होते.