ताळेबंद दोन गाड्यांचा



सांगलीतील आमच्या जुन्या घराच्या जागी आता इमारत उभी राहिली आहे आणि वाहनतळात आमच्या वाट्याला एकाच गाडीची जागा आली आहे. गाड्या मात्र दोन : अण्णांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आणि माझी १९९४ ची मारुती ८००. कोणती ठेवावी, हे ठरविण्यासाठी बँकेतील जुन्या सवयीने मी कागदावर मधोमध रेघ ओढली.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने फियाटच्या इटालियन आराखड्यावर ती घडविली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, गती मागच्या चाकांना, गिअरची दांडी स्टिअरिंगलगत आणि पुढे सलग बाक. परवान्यांच्या त्या काळात अण्णांनी तिच्यासाठी काही वर्षे वाट पाहिली होती. उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि ती थबके. मग ओले फडके पंपावर गुंडाळून आम्ही झाडाखाली बसत असू. पण तिचा प्रत्येक भाग खोलता येई आणि दुरुस्त होई.

मारुती १९८३ च्या डिसेंबरमध्ये आली. सुझुकीचे तंत्र, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. गती पुढच्या चाकांना असल्याने मागे जाणारा लांब दांडा नको. म्हणून आकार लहान असूनही आत चौघे नीट बसत. वजनाला हलकी, वळवायला सोपी, पेट्रोलला काटकसरी. पत्र्याचा भारदस्तपणा मात्र पद्मिनीचाच.

घसाऱ्याने दोन्ही रकमा केव्हाच शून्यावर आणल्या होत्या. नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही दोहोंना सारखाच. बाजू जुळल्या, निर्णय होईना.

तेव्हा एक राहून गेलेली नोंद आठवली. २००३ मध्ये माझी बदली कोकणात झाली आणि त्याच सुमारास अण्णांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा मिरजेला जावे लागे. पत्नी चाळिशीत मारुतीवर गाडी शिकली होती. चौदा महिने तिनेच त्यांना नेले-आणले. पद्मिनीची किल्ली अण्णांनी कधी कोणाच्या हाती दिली नव्हती. तेच अण्णा सुनेशेजारी निर्धास्त बसत. एकदा रजेवर आलो असता मी म्हणालो, ‘‘अण्णा, आज पद्मिनी काढतो.’’ ते म्हणाले, ‘‘नको. सूनबाईच्या गाडीत मला झोप लागते.’’

पद्मिनी मी, तीस वर्षे तिची निगा राखणाऱ्या मिस्त्रींच्या स्वाधीन केली. मोबदला घेतला नाही. ती चालती ठेवावी, एवढेच सांगितले.

पत्नीला हे रुचले नव्हते. ‘‘अण्णांची गाडी ठेवायला हवी होती,’’ ती म्हणाली.

मी म्हणालो, ‘‘अण्णांचीच ठेवली आहे.’’