ढाल कोणाच्या हाती? इंडियाना, २०१५

१/ २६ मार्च २०१५ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. आठवडाभरातच, २ एप्रिलला, त्यात दुरुस्ती करावी लागली. दरम्यान मोठ्या कंपन्यांनी राज्याकडे पाठ फिरवली होती. बहिष्कार जिंकला, असे सर्वत्र लिहिले गेले. ते अर्धसत्य होते.

२/ या कायद्याचे मूळ ओरेगनमध्ये सापडते. अल्फ्रेड स्मिथ व गॅलन ब्लॅक हे व्यसनमुक्ती समुपदेशक. नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत त्यांनी पेयोटी हे मादक निवडुंग सेवन केले. नोकरी गेली, बेकारी भत्ताही नाकारला गेला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

३/ या निकालाने उजवे आणि उदारमतवादी दोघेही अस्वस्थ झाले. १९९३ साली सिनेटने ९७ विरुद्ध ३ मतांनी नवा कायदा संमत केला. सबळ कारणाविना सरकारने कोणाच्या धर्माचरणावर भार टाकू नये, हे त्याचे सूत्र. ती दुबळ्याच्या हाती दिलेली ढाल होती.

४/ १९९७ साली न्यायालयाने ठरवले की हा केंद्रीय कायदा राज्यांवर बंधनकारक नाही. मग राज्यांनी आपापले कायदे केले. २०१४ मध्ये ‘हॉबी लॉबी’ या कंपनीलाही धार्मिक श्रद्धेच्या आधारे सूट मिळाली. इंडियानाने नफा कमावणाऱ्या व्यवसायांना ही ढाल दिलीच. शिवाय सरकार पक्षकार नसलेल्या खासगी दाव्यांतही ती वापरण्याची मुभा दिली.

५/ समर्थक म्हणत, कायदा केवळ न्यायालयात बाजू मांडण्याची संधी देतो. जिंकण्याची हमी नव्हे. विरोधकांना मात्र समलिंगी ग्राहकाला दारातून परत पाठवणारा दुकानदार दिसत होता. दोन्ही म्हणणी निराधार नव्हती.

६/ सेल्सफोर्सने राज्यातील कार्यक्रम रद्द केले. अँजीज लिस्टने इंडियानापोलिसमधील मुख्यालयाचा विस्तार थांबवला. विरोधात लेख लिहिणारे ॲपलचे टिम कुक यांना टीकाकारांनी विचारले: मग सौदी अरेबियातील व्यापाराचे काय? प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता.

७/ ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० सालचा. आयर्लंडच्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी कुळांनी, मजुरांनी, दुकानदारांनी व्यवहार तोडला. ते निर्धनांचे शस्त्र होते. उलट महाराष्ट्रात जातपंचायती कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकत, म्हणून सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. साधन एकच, न्याय-अन्याय ठरतो तो कोण कोणाविरुद्ध ते उगारतो यावरून.

८/ आता ते अर्धसत्य. सेवा नाकारण्यासाठी या कायद्याचा आधार घेता येणार नाही, असे दुरुस्तीने सांगितले. परंतु राज्याच्या नागरी हक्क कायद्यात लैंगिक अभिमुखतेचा समावेश केला नाही. इंडियानापोलिससारख्या शहरांत स्थानिक नियमांचे संरक्षण होते. जिथे तसे नियम नव्हते, तिथे आधीही संरक्षण नव्हते आणि नंतरही मिळाले नाही.

९/ कंपन्यांचा रोष शमला आणि विषय मागे पडला. बहिष्कार एखादा कायदा रोखू शकतो. हक्क निर्माण करू शकत नाही. जो हक्क बाजाराच्या मर्जीवर टिकतो, तो मर्जी फिरली की जातो. स्मिथ यांच्यासाठी १९९० साली कोणत्याही कंपनीने इंडियानासारखा बहिष्कार पुकारला नव्हता. त्यांना गरज होती ती कायद्याची.