सोशिक आजीचं कौतुक आता पुरे

आपल्या बडोदेकरांच्या आठवणींत आजी नेहमी सोशिकच असते. दांडिया बाजारातला वाडा, हिंचक्यावर आजोबा, पहाटे उठून बंब पेटवणारी आजी, आणि खाली सगळ्यांचे जोडलेले हात, "काय सोशिक बायका हो त्या!" दर दुसऱ्या आठवणीत एक आत्या किंवा काकूही असते. पन्नाशीच्या आसपास फार तापट झालेली. भर डिसेंबरात पंखा लावायची, रात्री दोनला गच्चीवर फेऱ्या मारायची, काही बोललं की रडायची. हे आपण गमतीनं लिहितो आणि वाचणारे हसतात.

मला हसू येत नाही. त्या आत्याची पाळी जात होती. इतकी साधी गोष्ट आठवणी लिहिणाऱ्या एकालाही सुचू नये?

आपल्याकडे साधारण 46-47व्या वर्षी पाळी जाते. त्याच्या आधी काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली व्हायला लागतं आणि मेंदूतली, अंगाचं तापमान सांभाळणारी यंत्रणा बावचळते. जरा कुठे उकडलं की शरीराला वाटतं भट्टी पेटलीय. छातीतून वाफ उठते, मान भिजते, मग थंडी वाजते. रात्रीत तीन-चारदा असं झाल्यावर सकाळी बाई चिडेल नाही तर काय करेल? आणि हे दोन-चार महिन्यांचं दुखणं नाही. अमेरिकेत बायकांच्या मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात ज्यांना वाफांचा वारंवार त्रास होता त्यातल्या निम्म्या जणींना तो सात वर्षांहून जास्त पुरला.

ह्यावर आपल्या घरांत दोनच उत्तरं. पहिलं, "होतं सगळ्यांनाच." दुसरं, "पिशवी काढून टाका, कटकट संपली." माझ्या एका मामेबहिणीची 42व्या वर्षी काढली, आणि 'कशाला ठेवायची' म्हणून दोन्ही अंडाशयंही काढली. कटकट संपली कसली! चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचं ते तिला एका आठवड्यात झालं. पुढे कुणी गोळी दिली नाही की हाडांची तपासणी केली नाही. 57व्या वर्षी ओटल्यावर पाय घसरला आणि मनगट मोडलं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या वाचून आपण केवढे हळहळलो. आपल्या घरी तेच मेडिक्लेमवर होतं, म्हणून ते सभ्य वाटतं. फायब्रॉइड, कॅन्सर, काही केल्या न थांबणारा रक्तस्राव, तिथे ऑपरेशन लागतं, त्याबद्दल वाद नाही. घामासाठी आणि चिडचिडीसाठी ते नसतं.

माझं सांगते. दोन वर्षं लघवीला जळजळ. दर वेळी अँटिबायोटिक. तीनदा कल्चर केलं, तीनदा काही निघालं नाही, तरी गोळ्या चालूच. डॉक्टर कोण ते लिहीत नाही. शेवटी दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, पाळी जाऊन किती झालं? इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं पडतं. त्यांनी आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते नावापुरतं जातं. दीड-दोन महिन्यांत फरक पडला. दोन वर्षं मला हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता हार्मोनच्या गोळ्या. नाव काढलं की, "अगं बाई, कॅन्सर होतो!" ही भीती 2002 च्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, पाळी जाऊन बहुतेकींना दहाएक वर्षं झालेली. एकत्रित गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरची भर पडली ती वर्षाला दहा हजारांत आठ जणींची. धोका खरा आहे, पण केवढा तेही सांगा की! साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, प्रकृती ठीक असेल तर बहुतेकींना फायदा जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर तिच्या अस्तराला धोका. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात झालेला असेल तर ह्या गोळ्या नकोत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत, आणि समुपदेशनाची एक पद्धतही आहे, तिनंही त्रास कमी होतो. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी लाल दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

गुलकंद, शतावरी, सोयाबीन खुशाल खा. पण वाफांवर त्यांचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही, तेव्हा "अमकीला लागू पडलं" म्हणून दुसरीला आणखी वर्षभर थांबवू नका.

महाराजांनी 1906 मध्ये सबंध राज्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बायकांच्या सार्वजनिक जीवनातल्या स्थानावर महाराणी चिमणाबाईंचं पुस्तक 1911 मध्ये निघालं. हे आपण कुठेही गेलो तरी छाती फुगवून सांगतो. आणि त्याच गावातली एम.ए. झालेली बाई डॉक्टरसमोर 'खाली कोरडं पडतं, जवळ येणं सहन होत नाही' एवढं बोलू शकत नाही. बाहेर नवरा बसलेला असतो, त्याला वाटतं बीपी दाखवायला आणलंय.

ह्या संक्रांतीला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे लुटणं बंद करा. हळदीकुंकवाला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दोन तास बोलवा. विधवा आहेत म्हणून कुणाला वगळू नका, पाळी त्यांचीही जाते. आणि पुरुषांनाही आत बसवा, तिळगूळ त्यांनाही मिळेल. जागा नसेल तर आमची गच्ची मोकळी आहे.